हेड उघडण्याआधी: नव्या गॅस्केटच्या चाचणीची तयारी

बनवणाऱ्याने चाचणीसाठी दिलेली नमुन्याची हेड गॅस्केट, म्हणजे ट्रकच्या इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सील, हातात पडली की पहिला मोह हेड उघडण्याचा होतो. उघडू नका. जुनी गॅस्केट जागेवर आहे आणि गाडी चालती आहे तोवरच एक काम करता येतं, हेड उचललं की ते गेलं: जुन्या गॅस्केटवर कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) प्रेशरची नोंद. तुर्भ्याच्या शेडमध्ये मागच्या वेळी माझ्याकडून नेमकी तीच राहिली. नवी बसवली, घाट चढवला, प्रेशर वाढलं. आणि हे नेहमीचं वाढणं की सिलिंडरमधून गॅस येतोय, हे सांगायला कुणाकडे कागद नव्हता. म्हणून हा मुद्दा खाली परत परत येईल. वैताग आला तरी वाचा.

कूलंट तापलं की फुगतं, त्यामुळे प्रेशर चांगल्या गॅस्केटवरही वाढतंच. तापमानाचा काटा बघत बसलात तर गॅस्केट गेल्याचं सगळ्यात शेवटी कळतं. आजच्या टर्बो डिझेलमध्ये जळण्याच्या क्षणी सिलिंडरमधला दाब दीडशे-दोनशे बारच्या घरात जातो, आणि रेडिएटरचं झाकण जेमतेम एक बारच्या आसपास उघडतं. म्हणजे पाण्याच्या वाटेत चिमूटभर गॅस शिरला तरी पुरे. पूर्ण बूस्टवर (टर्बोने भरलेल्या हवेच्या दाबावर) हेड केसभर उचलतं, गॅस घुसतो. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की हेड परत बसतं. शेडमध्ये आणून तपासाल तर सगळं कोरडं ठणठणीत. ही गळती फक्त लोडवर दिसते, तीही प्रेशरच्या आलेखात, आणि तो आलेख ताडून बघायला आधीचा आलेख लागतो.

शिवाय ट्रकला एक जास्तीचं दुखणं आहे. एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर. बऱ्याच इंजिनांत त्याचं हेड इंजिनच्याच पाण्यावर थंड होतं. त्याची छोटी गॅस्केट गळायला लागली की हवा कूलंटमध्ये जाते, पाणी बाहेर फेकलं जातं, आणि सगळे मिळून बिचाऱ्या मोठ्या गॅस्केटला शिव्या घालतात. ब्रेकच्या हवेची टाकी भरत असताना कूलंटचं प्रेशर चढतंय आणि टाकी भरल्यावर गव्हर्नरने हवा तोडली की थांबतंय, असं दिसलं तर आधी कॉम्प्रेसर बघा. निळ्या द्रावाच्या चाचणीत (रेडिएटरमधला वायू त्या द्रावातून ओढून बघतात ती) रंग बदलतो तो जळलेल्या गॅसमुळे. कॉम्प्रेसरच्या साध्या हवेने बदलत नाही. ईजीआर कूलर (एक्झॉस्टचा गॅस इंजिनात परत सोडण्याआधी पाण्याने थंड करणारा) फुटला असेल तर मात्र रंग बदलेल, कारण तोही जळलेलाच गॅस. ही दोन्ही दुखणी जुन्या गॅस्केटवरच निस्तरून टाका. नाहीतर नव्या गॅस्केटच्या माथी पडतील.

प्रेशरचा सेन्सर चार बारपर्यंतचा पुरे. हेडमधून पाणी बाहेर पडतं त्या होजमध्ये टी (तीन तोंडांचा जोड) घालून बसवा आणि बूस्ट, कूलंटचं तापमान, एक्झॉस्टचं तापमान यांच्यासोबत एकाच वेळरेषेवर नोंदवा. वेगवेगळ्या मोबाइलवर काढलेले व्हिडिओ नंतर जुळत नाहीत. आणि नळीचा गेज केबिनमध्ये आणू नका. नळी सुटली तर उकळतं कूलंट चालकाच्या मांडीवर पडेल. वायरवाला सेन्सरच हवा.

नोंद घेण्याआधी सिस्टिममधली हवा पूर्ण काढा. अडकलेली हवा गॅससारखीच नाटकं करते. रेडिएटरचं झाकण चांगलं हवं आणि पुढे नव्या गॅस्केटवरही तेच झाकण हवं. कूलंटची पातळी टेपने खूण करून ठेवा. मग गाडी भरून तोच रस्ता, तेच वजन, शक्यतो दिवसाची तीच वेळ. रात्रभर उभी ठेवून सकाळी सुरू करण्याआधी वरचा होज दाबून बघा आणि आकडाही लिहा. थंड झालेल्या निरोगी इंजिनात दाब उरत नाही, उलट थोडं आत ओढलेलं असतं. सकाळीही होज टणक असेल तर जुनी गॅस्केटच गेलेली आहे, मग तुमची नोंद निरोगी इंजिनाची नव्हेच. ऑइलचा नमुनाही याच वेळी काढून प्रयोगशाळेत द्या; नंतरच्या नमुन्यात सोडियम-पोटॅशियम वाढलेलं दिसलं तर कूलंट ऑइलमध्ये जातंय.

एका वेळी एकच बदल. गॅस्केटसोबत हेड आवळणारे स्टडही भारी घालू, ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) मॅपही चढवू, असं कुणीतरी म्हणणारच. नाही म्हणा. स्टड बदलायचे असतील तर जुन्याच जातीच्या कोऱ्या गॅस्केटवर आधी बदला, त्यावर पुन्हा प्रेशरची नोंद घ्या, मग नमुना बसवा. हेड दोनदा उघडावं लागतं हे मला माहीत आहे.

आता हेड उघडा. बोल्ट सोडताना उलटा क्रम, इंजिन थंड. हे सांगायला नको.

नमुन्याची जाडी मायक्रोमीटरने प्रत्येक सिलिंडरभोवती मोजून लिहा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. दाबली गेल्यावर जाडी किती राहणार हे बनवणाऱ्याकडून लेखी घ्या. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो हे डायल गेजने सहाही पिस्टनवर मोजा आणि त्यावरून ही जाडी चालते का ते ठरवा. पिस्टन आणि व्हॉल्व्हमधली जागा कागदावर नाही, इंजिनात असते. स्लीव्हवालं (सिलिंडरची नळी वेगळी बसवलेली) इंजिन असेल तर स्लीव्हची उंचीही मोजा. शेजारच्या दोन स्लीव्ह कमी-जास्त असतील तर जगातली कुठलीही गॅस्केट टिकणार नाही.

हेड आणि ब्लॉक दोन्हींवर सरळ पट्टी ठेवून खाली फीलर (ठरावीक जाडीची पातळ पात) घाला. ०.०५ मिमीचा फीलर आत गेला की मी फेसिंगला (मशीनवर सपाट करायला) पाठवतो. तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात वेगळी मर्यादा असेल तर ती धरा. स्टीलच्या थरांची गॅस्केट असेल तर पृष्ठभागाचा खरखरीतपणा (आरए) ०.८ मायक्रॉनच्या आत हवा. कंपोझिटला जरा खरखरीत चालतो. रबाळ्याचा मशीनवाला ‘चकाचक केलंय’ म्हणेल, त्याला आकडा विचारा. ग्राइंडरला घासायची चकती लावून ब्लॉक साफ करू नका. खड्डे पडतात ते पडतातच, पण चकतीची पूड ऑइलमध्ये जाऊन बेअरिंग खाते. आणि पावसाळ्यात फेसिंग केलेला बिडाचा (कास्ट आयर्नचा) ब्लॉक उघडा ठेवून घरी गेलात तर सकाळी तांबूस झालेला असतो. खाडीची हवा आहे आपल्याकडे. तेलाचा हात मारून झाका, बसवण्याआधी पूर्ण पुसा.

बोल्टची भोकं हवेने साफ करा, तळापर्यंत कोरडी. बंद भोकात तेल किंवा पाणी राहिलं आणि वरून बोल्ट आवळला तर ब्लॉक फुटतो, आणि टॉर्कही खोटा दाखवतो. पुस्तकात सांगितलंय तेच तेल आट्यांना आणि डोक्याखाली. टॉर्कचा बहुतेक भाग घर्षणातच जातो; तेल बदललं की आकडा तोच राहतो, पण पकड बदलते. टॉर्क पाना हल्लीच कॅलिब्रेट केलेला हवा. टॉर्कनंतर डिग्री द्यायची (बोल्ट आणखी ठरावीक अंश फिरवायचा) असेल तर बोल्ट नवे. गरम करून परत आवळायचं की नाही हेही लेखी घ्या: जुन्या कंपोझिट गॅस्केटला बऱ्याचदा लागायचं, स्टीलच्या थरांच्या गॅस्केटला सहसा नाही.

बसवून झालं. कूलंट भरलं, हवा काढली. सेन्सर परत लावला का? झाकण तेच का? पातळी टेपच्या खुणेवर आहे का? कूलंटचं प्रेशर. परत विचारतोय, कारण याच टप्प्यावर सगळ्यांना गाडी बाहेर काढायची घाई असते आणि सेन्सरची वायर तशीच लोंबत राहते.

आधी शेडमध्येच गरम-थंड करा. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तापवा, पूर्ण गार होऊ द्या, पुन्हा. गॅस्केटला नुसत्या दाबाने त्रास होत नाही, तापून-निवून हेड आणि ब्लॉक एकमेकांवर सरकतात त्याने होतो. हेड ॲल्युमिनियमचं असेल तर जास्तच, ते बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. प्रत्येक वेळी गार झाल्यावरचा आकडा जुन्या नोंदीशेजारी लिहा.

मग रस्ता. रिकामी गाडी ठाणे-बेलापूर रस्त्यावर, नंतर मुंब्रा बायपासचा चढ, आणि हे दोन्ही जुन्या आलेखावर बसले तरच कळंबोलीहून माल भरून बोरघाट. वजनकाट्याची पावती ठेवा, माल नीट बांधा, मर्यादेपेक्षा एक किलो जास्त नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार परस्पर करता येत नाही. मोठे बदल केलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधी आरटीओचं बघा, विम्याचंही. अवजड वाहनांच्या प्रवेशाच्या वेळा बदलत असतात, त्या दिवशीच्या बघा. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत साधारण साडेपाचशे मीटरची चढण आहे, आणि मध्ये बंद पडलात तर मागे रांग लागेल. म्हणून पायथ्याशी, खालापूरला थांबून आकडे बघायचे. जुन्या नोंदीपेक्षा प्रेशर लवकर चढत असेल तर तिथूनच परत. चालकदादांना हे आधी सांगून ठेवा: ‘जाऊ द्या, वर जाऊन बघू’ म्हणणारा माणूस केबिनमध्ये नको. गरम झाकण कुणी उघडायचं नाही. वीसेक लिटर कूलंट, क्रेनवाल्याचा नंबर, बस.

घाटात बूस्ट वाढला त्या क्षणी प्रेशर उसळतंय का ते बघा. तापमानासोबत हळूहळू चढलं तर ठीक. बूस्टसोबत उसळलं आणि पाय काढल्यावरही खाली आलं नाही, तर गॅस आहे. पण हा फरक जुना आलेख शेजारी असेल तरच छातीठोकपणे सांगता येतो. असो.

उतरवताना: दुसऱ्या दिवशी सकाळी, होज दाबून, आकडा लिहून. ऑइलचा दुसरा नमुना. प्रत्येक बोल्ट किती टॉर्कला सुटला ते लिहा. कूलंट ड्रममध्ये, गटारात नाही. गॅस्केट धुऊ नका, पुसू नका. दोन सिलिंडरमधल्या अरुंद पट्टीवरचे काळे डाग म्हणजेच तुमचा रिपोर्ट. हेडची बाजू कुठली, पहिला सिलिंडर कुठला ते मार्करने लिहून फोटो त्याच दिवशी काढा, आणि दोन प्लायवूडच्या मध्ये बांधून बनवणाऱ्याकडे पाठवा. कुरिअरवाले वाकवतात.