दिवा विझला तरी दोष राहतो: महागड्या गाडीची तपासणी आणि तक्रार कशी करावी

बेनोड्याचे एक काका मागच्या वर्षी आंबिया बहाराच्या संत्र्याच्या तोडीत माझ्या गॅरेजात आले. संत्र्याचे पैसे हाती आल्यावर त्यांनी मुंबईहून तीन वर्षं वापरलेली मोठी परदेशी गाडी घेतली होती. मोर्शीकडून येताना समोर संत्र्याची ट्रॉली आली. काकांनी ब्रेक दाबला तर पेडल दगडासारखं लागलं आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. दोन्ही पाय देऊन गाडी थांबली ती ट्रॉलीच्या हातभर मागं. मग त्यांनी गाडी बंद करून पुन्हा चालू केली, तर अक्षरं गेली. वाटेत एका पोराकडून स्कॅनर लावून गाडीनं नोंदवलेला दोषाचा कोडही पुसून घेतला.

"काही नाही जी, आता बरोबर चालते," काका मला म्हणाले.

सर्व्हिस सेंटरनं पुढं गाडी दोन दिवस ठेवून घेतली आणि "दोष आढळला नाही" असं लिहून परत दिली. आढळणार कुठून? गाडीनं स्वतःच्या पोटात जी नोंद करून ठेवली होती, ती आपणच पुसून टाकली होती.

आमच्या भागात हे समजवायला मी संत्र्याच्या डिंक्या रोगाचं उदाहरण देतो. झाडाच्या खोडातून डिंक गळतो तो फडक्यानं पुसला म्हणून कोणी म्हणत नाही की झाड बरं झालं. रोग खाली सालीत आणि मुळाशी असतो. पडद्यावरचा दिवा हा तसाच डिंक आहे. तो दिसला की आधी नोंद करा, मग खोड तपासा.

मी वरूडला एकवीस वर्षं गॅरेज चालवतो. सुरुवात ट्रॅक्टर आणि जीपपासून केली. आता दर हंगामात तीन-चार महागड्या गाड्या दारात येतात, बहुतेक दुसऱ्या हातच्या. त्यांचं सगळं काम माझ्याकडे होत नाही आणि मी ते करतोही म्हणत नाही. पण मालकानं स्वतः काय बघायचं, काय लिहून ठेवायचं आणि कुणाच्या मागं लागायचं, हे मी प्रत्येकाला बसवून सांगतो. तेच इथं सांगतो.

आधी चेसिस नंबर

गाडी घेतल्या दिवशी, खरं तर घ्यायच्या आधी, चेसिस नंबर लिहून घ्या. तो सतरा अक्षरी असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, म्हणजे गोल दिसलं तर तो शून्यच. समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर आणि आरसीवर तो सापडतो. तिन्ही ठिकाणी एकच आहे का ते पाहा. वेगळा निघाला तर व्यवहार तिथंच थांबवा.

हा नंबर कंपनीच्या भारतातल्या संकेतस्थळावर रिकॉलच्या, म्हणजे दोष काढायला कंपनीनं परत बोलावलेल्या गाड्यांच्या, पानावर टाका. तिथं तशी सोय नसेल तर सर्व्हिस सेंटरला ईमेल करून विचारा: "या गाडीवर कुठलं रिकॉल बाकी आहे का?" तोंडी विचारू नका, उत्तर लेखी घ्या. बेनोड्याच्या काकांच्या गाडीवर ब्रेकचं एक रिकॉल बाकी निघालं. कंपनीचं पत्र गेलं होतं, पण पहिल्या मालकाच्या मुंबईच्या पत्त्यावर. आरसीवर नाव बदललं तरी कंपनीच्या वहीत बदलत नाही. तुमचा पत्ता आणि मोबाइल नंबर कंपनीला स्वतः कळवावा लागतो. रिकॉलचं काम फुकट होतं, गाडी कितव्या हातची आहे यानं फरक पडत नाही.

आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात रिकॉलचं कलम ११०-अ आलं आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाडीच्या सुरक्षेतल्या दोषाची तक्रार मालक सरकारच्या वाहन पोर्टलवर करू शकतो. ठरलेल्या प्रमाणात तक्रारी जमल्या तर सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकतं, आणि दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत जाऊ शकतो. म्हणून तुमची एकट्याची तक्रारही नोंदवा. ती मोजली जाते.

मोठ्या नावालाही दोष असतो

काकांना खरं दुःख याचं होतं की एवढे पैसे मोजून असं कसं झालं. मी त्यांना जाहीर झालेल्या गोष्टी सांगितल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूनं जगभरातल्या १५ लाखांहून जास्त गाड्यांच्या ब्रेक यंत्रणेत दोष असू शकतो असं जाहीर केलं. ती यंत्रणा कॉन्टिनेंटल या पुरवठादाराची होती. काकांची गाडी दुसऱ्या कंपनीची, पण हल्लीच्या ब्रेकची तऱ्हा सगळीकडे तीच: पाय आणि चाक यांच्यामध्ये इलेक्ट्रॉनिक्स बसलं आहे. ते बिघडलं की मदत जाते, साधा ब्रेक उरतो आणि पायाला फार जोर लागतो.

अशा वेळी काय करायचं ते आजच मनाशी पक्कं करा. पेडल वारंवार दाबून सोडू नका, एकदाच पूर्ण ताकदीनं दाबून धरा. चालत्या गाडीचं इंजिन बंद करू नका. बहुतेक गाड्यांत पार्किंग ब्रेकचं बटण ओढून धरलं की गाडी थांबते. तुमच्या गाडीत तसं होतं का, हे मॅन्युअलमध्ये वाचून ठेवा.

दुसरी गोष्ट मॅटची. २८ ऑगस्ट २००९ रोजी अमेरिकेत सॅन डिएगोजवळ शोरूमनं वापरायला दिलेल्या एका लेक्ससमध्ये दुसऱ्या मॉडेलचा जाड रबरी मॅट होता. त्यात अ‍ॅक्सिलरेटर अडकला आणि चार जणांचा जीव गेला. आपल्याकडे पावसाळ्यात काळ्या मातीनं बूट लडबडतात म्हणून लोक मूळ मॅटवर बाजारातला दुसरा मॅट टाकतात. कृपा करून टाकू नका. एकच मॅट ठेवा, त्याच गाडीचा, खालच्या खुंट्यांत बसवलेला. तरीही पेडल अडकलं तर आधी न्यूट्रल, मग ब्रेक. इंजिन कितीही ओरडलं तरी ओरडू द्या.

तिसरी गोष्ट कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची. २०१८ मध्ये दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्या पेटल्या. धुराचा काही भाग थंड करून इंजिनात परत सोडणाऱ्या ईजीआर कूलरमधून कूलंट झिरपत होतं, काजळीत मिसळून साठत होतं आणि तापल्यावर पेट घेत होतं. आपल्याकडे कूलंट कमी झालं की लोक बाटलीतलं पाणी ओततात आणि पुढं निघतात. महागडी गाडी दर महिन्याला कूलंट पीत असेल आणि खाली एक थेंबही दिसत नसेल, तर ते कुठं जातं हे शोधल्याशिवाय गाडी चालवू नका.

दहा-बारा वर्षं जुनी गाडी घेत असाल तर तकाता या कंपनीच्या एअरबॅगचं रिकॉल नक्की तपासा. त्या एअरबॅगमधलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं आणि दमट हवेनं बिघडतं आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि लगेच पावसाळा लागतो. इथं ही तपासणी पुढं ढकलायची गोष्ट नाही.

आपल्या गावचे शत्रू

सगळ्यात जास्त काम मला उंदीर देतात. सोयाबीन घरात आलं, अंगणात ढेपेची पोती लागली आणि त्याच्याच शेजारी साठ लाखांची गाडी उभी. रात्री उंदीर गरम बोनेटखाली जातो आणि वायर कुरतडतो. सकाळी एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), स्टिअरिंग आणि इंजिन असे तीन-चार दिवे एकदम लागतात. असे अनेक दिवे एकत्र लागले तर आधी दोन गोष्टी बघा: बारा व्होल्टची बॅटरी आणि बोनेटखालच्या लेंड्या. बॅटरी कमजोर झाली तरी ही गाडी भलभलत्या तक्रारी दाखवते. पण कुरतडलेल्या वायरला टेप गुंडाळून पाठवू नका, विशेषतः पिवळ्या आवरणाची वायर असेल तर. ती बहुतेक एअरबॅगची असते. हायब्रीड किंवा इलेक्ट्रिक गाडीतली नारिंगी वायर तर हातात घेऊच नका, मीही घेत नाही.

डिझेल गाडीचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, हा दुसरा विषय. घर ते वावर, वावर ते मंडी एवढंच फिरलं तर धुराच्या नळीतली काजळी जळत नाही आणि फिल्टर तुंबतो. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं एका लयीत गाडी चालवा. काजळी जळत असताना ती नळी भयंकर तापते, म्हणून त्यानंतर लगेच कुटारावर किंवा वाळल्या गवतावर गाडी उभी करू नका. आणि डीईएफच्या, म्हणजे डिझेलचा धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाच्या, टाकीत शेतातला युरिया विरघळवून टाकणारे मला भेटले आहेत. डीईएफमध्ये ३२.५ टक्के युरिया असतो हे खरं, पण तो शुद्ध प्रतीचा आणि क्षार काढलेल्या पाण्यातला. खताच्या युरियानं अख्खी यंत्रणा जाते आणि वॉरंटीही हातची जाते.

सनरूफच्या कडेला पाणी वाहून जायची बारीक भोकं असतात. गाडी निंबाखाली उभी राहिली की ती पाल्यानं आणि धुळीनं बुजतात. पाणी आत उतरून गालिच्याखाली साठतं आणि तिथंच कंट्रोल बॉक्स असतात. जूनच्या आधी थोडं पाणी ओतून ते चाकाजवळ खाली पडतं का पाहा.

आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असेल तर तिचा रडार पुढच्या बिल्ल्यामागं किंवा बंपरमध्ये असतो आणि कॅमेरा काचेवर. चिखल बसला, बंपरला जाड रंग मारला किंवा काच बदलून कॅलिब्रेशन (कॅमेऱ्याची नेमकी जुळणी) केलं नाही, तर गाडी मोकळ्या रस्त्यावर दचकून ब्रेक मारते, किंवा दिवा नसलेली बैलगाडी समोर असूनही मारत नाही. रात्री तिच्या भरवशावर राहू नका.

टायर थोडक्यात: हवा थंड टायरमध्ये, दाराच्या खांबावरच्या आकड्याप्रमाणे. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. अनेक महागड्या गाड्यांत स्टेपनी नसते, रन-फ्लॅट टायर असतो. तो पंक्चर झाल्यावर साधारण ८० किलोमीटर चालतो, तेही ताशी ८० च्या आत. समृद्धीवर १२० नं जाताना टायरचा दिवा लागला तर वेग तिथंच उतरवा.

आणि बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी ट्रॅक्टरला दोर बांधून टोचन करून आणू नका. गिअरबॉक्स जळतो. सपाट पाट्याची गाडी बोलवा, उशीर झाला तरी चालेल.

तक्रार लिहायची कशी

शंभर पानी वही घ्या आणि ती गाडीतच ठेवा. दिवा लागला की आधी सुरक्षित जागी थांबा. गाडी बंद करण्याआधी पडद्याचा फोटो, जमला तर व्हिडिओ घ्या. मग लिहा: तारीख, वेळ, ठिकाण, मीटरचा आकडा, वेग, एसी चालू होता का, पाऊस होता का, गाडी किती वेळ चालली होती. "ब्रेक बरोबर लागत नाही" एवढ्यानं काही होत नाही. काकांच्या वहीत आम्ही असं लिहिलं: "मोर्शी–वरूड रस्ता, दुपारी चार, वेग अंदाजे ५०, पेडल कडक, लाल सूचना, बंद-चालू केल्यावर सूचना गेली, नंतर बाहेर कोड पुसला." शेवटचं वाक्य काकांना लाजिरवाणं वाटत होतं. मी म्हटलं, खरं तेच लिहा, पुढं तेच उपयोगी पडतं.

लाल दिवा म्हणजे थांबा. पिवळा म्हणजे गाडी जपून चालवा आणि लवकर दाखवा. स्कॅनर लावणाऱ्याला बजावून सांगा: कोड वाच, फोटो काढू दे, पुसू नको. स्वस्तातले स्कॅनर बहुतेक इंजिनाचेच कोड वाचतात, ब्रेक आणि एअरबॅगचे नाही. त्यावर "कोड नाही" दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका.

सर्व्हिस सेंटरमध्ये जॉब कार्डवर, म्हणजे गाडीच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, तुमचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. "जनरल चेकअप" लिहिलं असेल तर सही करू नका. दोष पुन्हा दिसावा म्हणून टेक्निशियनला शेजारी बसवून गाडी चालवा. "आढळला नाही" म्हणाले तर तेही लेखी घ्या. तीन वेळा "आढळला नाही" लिहिलेले तीन कागद म्हणजे एकाच दोषासाठी तीन खेपा झाल्याचा पुरावा आहे.

तरी हललं नाही तर कंपनीच्या मुख्य कार्यालयाला ईमेल करा, मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. त्यानंतर ग्राहक आयोग. गाडीला मोजलेले पैसे ५० लाखांपर्यंत असतील तर जिल्हा आयोग, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग, ज्याचं खंडपीठ नागपूरला बसतं. कंपनीचं कार्यालय मुंबईत किंवा पुण्यात असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. आमच्यासाठी ते अमरावती. मुदत दोन वर्षांची आहे, म्हणून सर्व्हिस सेंटरच्या "पाहू, बोलावू" मध्ये वर्ष घालवू नका. निर्मितीतला दोष आहे हे दाखवायला तज्ज्ञाचा अहवाल लागतो. आयोगाकडे गाडीच्या तपासणीची मागणी अर्जातच करा.

व्यापारी मंडळी गाडी फर्मच्या नावावर घेतात. समोरचा वकील लगेच म्हणतो की हा व्यावसायिक वापर, तुम्ही ग्राहकच नाही. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मर्सिडीजच्या गाड्यांच्या प्रकरणात, कंपनीनं संचालकाच्या वापरासाठी घेतलेली गाडी आपोआप व्यावसायिक ठरत नाही, असाच कौल दिला. हा निकाल तुमच्या वकिलाच्या कानावर घाला.

बेनोड्याच्या काकांचा भाग रिकॉलमध्ये बदलून मिळाला, पाच आठवडे लागले. जॉब कार्डवर रिकॉलचा क्रमांक आणि नव्या भागाचा क्रमांक लिहून घेतला, मगच किल्ली घेतली. आता त्यांची वही बाविसाव्या पानावर आहे. कागद कुठंही द्यायचे असले तरी झेरॉक्स द्या, मूळ प्रत घरच्या कपाटात ठेवा, गाडीत नको.