कुद्रेमुखला जाताय? सॅक गडाच्या हिशोबाने भरू नका

महिन्याभरात तिसऱ्यांदा कोणीतरी विचारलं की कर्नाटकातल्या कुद्रेमुख शिखराच्या ट्रेकला काय काय न्यायचं, म्हणून एकदाच सगळं टाईप करून ठेवतोय. आपल्याकडच्या लोकांची गंमत अशी की राजगड, हरिश्चंद्रगड करून झालेले असतात, त्यामुळे सॅक हाताला सवयीची असते आणि तीच उचलून निघतात. मीपण तेच केलं होतं. दोर, टेंट, मॅट, मॅगीचं सामान सगळं घेऊन गेलो आणि ते सगळं होमस्टेच्या कोपऱ्यात पडून राहिलं, कारण वर मुक्कामाला परवानगीच नाही आणि दोर लावायला कातळटप्पा पण नाही. आणि जे लागलं, ते माझ्याकडे नव्हतं.

तर पहिली गोष्ट सॅकमधली नाहीच, परमिट. हे नॅशनल पार्क आहे, वाटलं म्हणून शुक्रवारी रात्री निघालो असं इथे चालत नाही. कर्नाटक वनखात्याच्या अरण्य विहार साईटवर आधी बुकिंग करायचं, दिवसाला ३०० माणसांची मर्यादा आहे आणि पावसाळ्यातले वीकेंड बघता बघता भरतात, म्हणून आधी परमिट आणि मग ट्रेनचं तिकीट, उलटं केलंत तर मंगळुरूचे समुद्रकिनारे बघून परत याल. बुकिंगला जे आयडी कार्ड टाकलं तेच ओरिजिनल बरोबर ठेवा आणि परमिटची एक प्रिंट काढून घ्या, स्क्रीनशॉटवर विसंबू नका, कारण त्या भागात नेटवर्क जवळपास नसतंच. त्याच कारणाने कॅश. यूपीआय यूपीआय करत राहिलात तर जीपवाला आणि होमस्टेवाला दोघं तुमच्या तोंडाकडे बघत बसतील, कळस या जवळच्या गावाला पोचलात की तिथेच पैसे काढून घ्या. उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने ट्रेक बंद असतो, आणि पाऊस फारच झाला तरी बंद करतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी होमस्टेला एक फोन कराच.

जायचं कसं तर कोकण रेल्वेने उडुपी किंवा मंगळुरू, तिथून कारकळवरून घाट चढून कळस. बाळेगल किंवा संसे भागात होमस्टे आहेत, तिथून जीपने मुळ्ळोडीला सोडतात आणि खरा ट्रेक तिथून सुरू. जीपचे पैसे बसायच्या आधी ठरवा, जायचे का जाऊन येऊन ते पण स्पष्ट विचारा. कंबरेचा त्रास असणाऱ्यांनी बेल्ट बांधून बसा, मस्करी नाही करत, रस्ता तसलाच आहे.

आता पाय. उंची १,८९४ मीटर म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा अडीचशे मीटर जास्त, पण दमवते ती उंची नाही, अंतर. जाऊन येऊन वीसेक किलोमीटर होतात, मध्ये ओढे ओलांडायचे, शोला म्हणजे डोंगरांच्या घळीतल्या दाट जंगलाचा गारठा आणि अंधार, मग एकदम उघडं गवत, परत जंगल, आणि हे सगळं ओल्या बुटांत. म्हणून नवे बूट अजिबात नको, आणि वॉटरप्रूफ बूट घेतले म्हणून खूश होऊ नका, ओढ्यात एकदा पाणी वरून आत गेलं की ते बाहेर पण येत नाही. आपले साधे ट्रेकिंगचे, सोलला ग्रिप असलेले, पाणी लगेच निथळणारे बूट बेस्ट. मोज्यांचे दोन जादा जोड प्लास्टिकच्या डब्यात घालून न्या. जीन्स नको नको नको, आमच्यातल्या एकाने घातली होती, ओली होऊन इतकी जड झाली की परतीला बिचारा दर शंभर पावलांवर थांबून ती वर ओढत होता.

जळवा. ज्याला सगळे घाबरतात तो विषय. जूनपासून पाऊस थांबेपर्यंत असणारच, तिथे त्यांना जिगणे म्हणतात आणि स्थानिक माणूस बोलता बोलता पायावरची टिचकीने उडवून देतो. लीच सॉक्स मिळाले तर घ्या, गुडघ्यापर्यंत येणारे, पँट त्यात खोचायची. नाहीतर मीठ आणि तंबाखूची पुरचुंडी एका कापडात बांधून, ओली करून बुटांवर आणि मोज्यांवर चोळत राहायचं, पावसात ते धुवून जातं म्हणून परत परत. चिकटलीच तर ओढून काढू नका, मीठ लावा, सुटते. रक्त बराच वेळ वाहतं कारण तिच्या लाळेने ते गोठत नाही, घाबरायचं नाही, कापसाने दाबून धरा आणि बँडेड लावा. आणि जंगलात फोटोसाठी थांबू नका, थांबला तो गेला, उघड्यावर या आणि मग काय ते.

छत्री घरी ठेवा. माझी धारेवर पहिल्याच वाऱ्यात उलटी होऊन डिश अँटेना झाली. पोंचो किंवा विंडचीटर हवा, आणि सॅकला कव्हर असलं तरी आतले कपडे, फोन, गोळ्या मोठ्या प्लास्टिक पिशवीत. पण ही पिशवी परत आणायची बरं का, चेकपोस्टवर सामान तपासतात, चिप्सची पाकिटं आणि डिस्पोजेबल बाटल्या नेऊच नका. दारू तर नाहीच, ड्रोन पण नाही.

खाण्याचं सोपं आहे. वर कोणी पिठलं भाकरी घेऊन बसलेलं नाही, ताक सरबत पण नाही, होमस्टेवाले डबा देतात तो घ्यायचा. त्यावर गुळपोळी किंवा दशमी, चिक्की, खजूर, आणि ओआरएसची दोन पाकिटं. पाणी दोन लिटर. ओढे लागतात पण ओंटी मरा, म्हणजे कन्नडमध्ये एकटं झाड, तिथून पुढे चढ दमवतो, तिथे बाटली भरलेली हवी. कुद्रेमुख म्हणजे घोड्याचं तोंड, तसा दिसणारा तो डोंगर पण तिथूनच नीट दिसतो, धुकं नसेल तर. शिखराच्या थोडं आधी एका जुन्या चर्चच्या पडक्या भिंती आहेत, डबा आम्ही तिथे आडोशाला खाल्ला.

वेळेचं एकच, सकाळी लवकरात लवकर निघा आणि दुपारी एकला जिथे असाल तिथून मागे फिरा असं ग्रुपमध्ये आधीच ठरवा, वर पोचल्यावर ठरत नाही, भांडणं होतात. तरीही हेडटॉर्च ठेवा. आणि पायाची नखं कापून या, परतीच्या उतारावर अंगठा बुटात आपटून माझं एक नख काळं पडलं ते दिवाळीपर्यंत तसंच होतं.

कपड्यांचा एक कोरडा जोड होमस्टेवर ठेवा. दुसऱ्या दिवशी जमलं तर जवळच होरनाडूला अन्नपूर्णेश्वरीचं दर्शन घ्या, तिथे येईल त्याला जेवण मिळतं, फक्त पुरुषांना शर्ट काढून आत जावं लागतं म्हणून एक पंचा टाका सॅकमध्ये.