रोहिणी सरायच्या आत रानहळद लावून घ्या

मृग तोंडावर आला की भात, भुईमूग, सोयाबीनच्या बियाण्यांची धावपळ सुरू होते. त्याच आठ-दहा दिवसांत बागेतल्या सावलीच्या कोपऱ्यासाठी तासभर काढावा, अशी विनंती आहे. आंब्या-फणसाखाली, गोठ्यामागे, विहिरीच्या कडेला जिथे ऊन येत नाही म्हणून काही पिकत नाही, तिथे रानहळद आनंदाने वाढते. हिचं शास्त्रीय नाव कुर्कुमा स्यूडोमोंटाना. जॉन ग्रॅहॅम यांनी मुंबई परिसरातल्या वनस्पतींची सूची केली, ती 1839 साली छापली गेली. त्यात या झाडाला हे नाव मिळालं. भारतीय द्वीपकल्पाबाहेर ती निसर्गतः कुठेच उगवत नाही. म्हणजे आपल्याच मातीचं फूल, तरी बहुतेक बागांमध्ये परदेशी शोभेची झाडं दिसतात आणि हिला जागा नसते.

आधी ओळख पक्की करा, कारण गावोगाव तीन-चार वेगवेगळ्या झाडांना रानहळदच म्हणतात. फूल पाहिल्याशिवाय खात्री धरू नका. आपल्याला हवी तिची फुलं पिवळीधमक असतात आणि तुऱ्याच्या टोकाला गुलाबी-जांभळट पानांचा झुपका असतो. सगळं फूलच जांभळट-गुलाबी असेल तर ती दुसरी जात; तीही सुंदरच, पण वेगळी. कंद आतून फिकट असतो, स्वयंपाकातल्या हळदीचा रंग त्याला नाही.

कंद कुठून आणायचे, हा खरा प्रश्न. जंगलातून उपटून आणू नका. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात 1972च्या वन्यजीव कायद्याने त्याला मनाई आहेच, राखीव जंगलातही परवानगीशिवाय काही काढता येत नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी, ऐन पावसात फुललेलं झाड मुळासकट ओढलं की त्याचे कंद भरायचे राहतात आणि आणलेलं झाडही बहुधा जगत नाही. दोन्हीकडून नुकसान. ज्यांच्या परसात आधीपासून गड्डे आहेत त्यांच्याकडून मागा, किंवा स्वतः कंद वाढवणाऱ्या रोपवाटिकेतून घ्या. रोपवाटिकेत स्पष्ट विचारा की हे इथं वाढवलंय की रानातून आणलंय. कुंडीत जुनी वाळलेली पानं, एकमेकांना चिकटून वाढलेले कंद दिसले तर ते तिथलंच.

लावणीला मेचा शेवटचा आठवडा ते मृगाच्या पहिल्या सरी हा काळ उत्तम. कंदाला एक-दोन ठसठशीत डोळे हवेत. मऊ पडलेला किंवा वास येणारा तुकडा टाकून द्या, तो कापून वाचवायचा प्रयत्न करू नका. कापलेले तुकडे एक-दोन दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्या. खोली चार-पाच सेंटीमीटर, दोन कंदांत फूटभर अंतर. मातीत कुजलेला पालापाचोळा आणि चांगलं शेणखत भरपूर मिसळा; शेणखतात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळून आठवडाभर ओलसर ठेवलं असेल तर कंदकुजीला बराच आळा बसतो. काळ्या, चिकट जमिनीत सपाट लावाल तर कंद नक्की कुजतील. तिथे वीतभर उंच गादीवाफा करा आणि पाण्याला वाट द्या. कोकणातल्या जांभ्याच्या उतारावर ही काळजी फारशी नाही. कुंडी असेल तर दहा-बारा इंचांची घ्या, तळाशी खापराचे तुकडे घाला.

सावली म्हणजे अंधार नव्हे, हे नीट लक्षात घ्या. ही पानझडी जंगलातली वस्ती. पानांच्या जाळीतून कवडसे पडतात तेवढा उजेड तिला हवा. दाट बांबूखाली पानं वाढतील, तुरा यायचा नाही. झाडाच्या पूर्वेची बाजू, जिथे सकाळचं कोवळं ऊन येतं, ती सर्वांत चांगली. निलगिरीखाली लावू नका, तिथे जमीन फार लवकर कोरडी पडते.

वरून दोन-तीन बोटं पाल्याचं आच्छादन हवंच. सागाची पानं अख्खी घातली तर त्यांचा पत्रा होतो आणि कोंब अडतात, म्हणून हाताने चुरून घाला. भाजावळीसाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, पाला ओढणाऱ्यांनी या कोपऱ्यातला पाला तेवढा सोडावा. रासायनिक खताची गरज नाही. जास्त नत्र दिलं तर पानंच माजतात.

आर्द्रा-पुनर्वसूत पानं वर येतात आणि पुढे श्रावणापर्यंत तुरे दिसू लागतात. तेव्हा जरा खाली बसून पाहा. तुऱ्याची खालची हिरवी पानं एकमेकांना जोडून खिसे झालेले असतात, खरी पिवळी फुलं त्या खिशांतून डोकावतात. ती थोडाच वेळ टिकतात, पण रोज नवी उमलत राहतात. वरचा गुलाबी झुपका मात्र कितीतरी दिवस तसाच. त्याचं काम लांबून मधमाशीला बोलावण्याचं. धुक्यात, शेवाळलेल्या खोडांच्या मधोमध हा रंग पाहिला की पावसाळ्यातल्या सह्याद्रीचं वैभव मनात उतरतं. गौरी-गणपतीत फुलदाणीसाठी एखादा तुरा घ्यायला हरकत नाही, फक्त पानं कापू नका. पुढच्या वर्षीचा कंद त्या पानांवरच भरतो.

पानाची सुरळी दिसली तर आत एका फुलपाखराची, ग्रास डेमनची, अळी असते. घरच्या चार गड्ड्यांवर ती असू द्या, झाड मरत नाही. मात्र हीच अळी पिकाच्या हळदीची पानंही गुंडाळते. त्यामुळे सांगली, हिंगोली, वसमत भागात ज्यांचं हळदीचं पीक आहे त्यांनी रानहळद बांधावर नको, शिवारापासून दूर घरापाशी लावावी. पिवळी पडून सहज उपटून येणारी फूट दिसली तर कंदकुज समजून तो गड्डा मातीसकट काढा आणि खतखड्ड्यात न टाकता लांब नष्ट करा.

दिवाळीच्या आसपास पानं पिवळी पडू लागतात. झाड मेलं असं समजून पाणी वाढवू नका, उलट बंद करा. पानं आपोआप गळली की जागेवर काठी रोवून खूण ठेवा, नाहीतर फेब्रुवारीत कुदळ तिथेच पडते. रानडुकरं आणि साळिंदरं कंद उकरतात. त्यांचा वावर असेल तर आच्छादनाखाली काटेरी फांद्या पसरा. उन्हाळाभर पाणी नाही, खणणं नाही. तीन-चार वर्षांनी गड्डा दाटला आणि तुरे कमी येऊ लागले की मेमध्ये काढून वेगळा करा.

एकरभर लावून पैसे मिळतील असा सल्ला मी देणार नाही, या फुलाला अजून बांधलेली बाजारपेठ नाही. कृषी पर्यटनाची जागा असलेल्यांनी आंबराईतल्या पायवाटेच्या कडेने पन्नास-साठ कंद लावावेत. पावसाळ्यात बागेत फळ नसतं, तेव्हा पाहुण्यांना दाखवायला हे फूल असेल.