त्रिकोणाचा प्रकार कोनांवरून कसा ओळखावा

त्रिकोणाचा प्रकार ठरवण्यासाठी तिन्ही कोन मोजत बसण्याची गरज नसते; त्यांतला सर्वांत मोठा कोन तपासला की पुरते. तिन्ही कोनांच्या मापांची बेरीज १८०° असल्यामुळे त्रिकोणात काटकोन (९०°) किंवा विशालकोन (९०° हून मोठा) एकच असू शकतो, आणि उरलेले किमान दोन कोन लघुकोनच (९०° हून लहान) असतात. एक लघुकोन दिसताच ‘लघुकोन त्रिकोण’ असे लिहून मोकळे होणारे विद्यार्थी नेमके इथेच चुकतात.

सर्वांत मोठा कोन सर्वांत लांब बाजूसमोर असतो. कंपासपेटीतल्या गुण्याचा काटकोनी कोपरा त्या कोनाच्या शिरोबिंदूवर ठेवावा आणि गुण्याची एक कड कोनाच्या एका भुजेशी नीट जुळवावी. दुसरी भुजा दुसऱ्या कडेशी तंतोतंत जुळली तर काटकोन त्रिकोण, गुण्याखाली झाकली गेली तर लघुकोन त्रिकोण आणि गुण्याबाहेर उघडी राहिली तर विशालकोन त्रिकोण. आकृती तिरपी काढलेली असेल तर वही फिरवून पाहावी, कारण काटकोन नेहमी पायाशीच असतो असे नाही.

कोनमापक वापरताना भुजा आखूड असतील तर त्या आधी पट्टीने वाढवून घ्याव्यात. कोनमापकावर आकड्यांच्या दोन ओळी असल्यामुळे ११०° च्या जागी ७०° वाचले जाण्याची शक्यता असते. म्हणून कोन काटकोनाहून मोठा की लहान, हे आकडा वाचण्यापूर्वीच ठरवावे.

फक्त बाजूंची लांबी दिली असेल, तर सर्वांत लांब बाजूच्या वर्गाची तुलना उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेशी करावी. वर्ग बेरजेइतका असेल तर काटकोन, कमी असेल तर लघुकोन, जास्त असेल तर विशालकोन त्रिकोण. ही रीत मला सर्वांत भरवशाची वाटते, कारण ७, ८ आणि ११ सेंमी बाजूंचा त्रिकोण नुसत्या नजरेला काटकोनी भासतो; पण ४९ + ६४ = ११३ आणि ११ चा वर्ग १२१, म्हणजे तो विशालकोन त्रिकोण आहे.

पायाची आखणी करताना गवंडी हेच तत्त्व वापरतात. कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फुटांवर आणि दुसरीवर ४ फुटांवर खूण करून ते दोन खुणांमधले अंतर मोजतात; ते ५ फुटांपेक्षा कमी भरले तर दोरी बाहेर सरकवतात, जास्त भरले तर आत घेतात, आणि बरोबर ५ फूट भरले की कोपरा गुण्यात आला असे म्हणतात.