कच्चा गँबिट तपासताना या चुका टाळा

बुद्धिबळाच्या क्लबात दर थोड्या दिवसांनी कुणीतरी नवा गँबिट, म्हणजे सुरुवातीलाच प्यादं किंवा मोहरा देऊन टाकायची चाल, घेऊन उगवतो. व्हिडिओ बघितलेला असतो, आठ खेळ्यांत मात करायची घाई असते. असल्या ओपनिंग (डावाच्या ठरलेल्या सुरुवाती) खेळू नका असं मी म्हणणार नाही, मीही खेळतो. चुकतं ते तपासण्यात.

सापळा पाठ केला म्हणजे अभ्यास झाला, ही सगळ्यात मोठी चूक. काळ्याकडून खेळायचा एंग्लुंड गँबिट मी असाच शिकलो (अक्षर म्हणजे पटाचा उभा स्तंभ, आकडा म्हणजे आडवी ओळ, × म्हणजे मारणं): १. डी४ ई५ २. डी×ई५ घोडा सी६ ३. घोडा एफ३ वजीर ई७ ४. उंट एफ४ वजीर बी४ शह ५. उंट डी२ वजीर×बी२. आता पांढऱ्याने उंट सी३वर आणला की आपला उंट बी४वर, आणि पुढच्या दोन खेळ्यांत वजिराची सी१वर मात. ब्लिट्झमध्ये, म्हणजे काही मिनिटांच्या झटपट डावांत, ढीगभर डाव जिंकलो.

मग लांब वेळेच्या डावात समोरच्या काकांनी शांतपणे ६. घोडा सी३ खेळलं. त्यांना ओपनिंगचं नावही माहीत नव्हतं, मोहरा बाहेर काढायचा म्हणून काढला. उंट बी४, हत्ती बी१, वजीर ए३, हत्ती बी३, वजीर ए५. प्यादी सारखीच होती, म्हणून मी खुशीत. पण माझ्या आठ खेळ्यांपैकी पाच एकट्या वजिराच्या होत्या! पुढे काय झालं ते सांगत नाही.

तेव्हापासून मी आधी पट फिरवतो. इंजिन (खेळ्या तपासणारा संगणक प्रोग्रॅम) बंद, समोरच्या बाजूने साध्या खेळ्या. मोहरे नुसते बाहेर काढून गँबिट मोडत असेल तर तो माझ्या कामाचा नाही. पांढऱ्याने घोडा देऊन खेळायचा हॅलोविन गँबिटही खोटाच, म्हणजे नीट उत्तर दिलं तर न टिकणारा, पण तिथे मोहरा जास्त असलेल्या काळ्याला घोडा परत जी८वर न्यावा लागतो, आणि ते माणसाच्या जिवावर येतं.

इंजिनचा एकच आकडा बघून ओपनिंग फेकूही नका. इंजिन प्रतिस्पर्ध्यासाठी सुचवतं त्या सगळ्यात चांगल्या तीन खेळ्या उघडा. एकच चांगली आणि बाकीच्या पडेल असतील, तर क्लबात ती सापडेलच असं नाही.

खेळलेल्या डावांच्या डेटाबेसमध्ये गँबिटचे निकाल बघताना ब्लिट्झचे डाव गाळा, घाईत सापळा चालून जातो.

आणि समोरच्याने गँबिट घेतलाच नाही, म्हणजे दिलेलं प्यादं मारलंच नाही तर? १. डी४ ई५ २. ई४ झालं की ती राजाच्या प्याद्याची जुनी ओपनिंग. एंग्लुंडवाल्यांपैकी फार थोड्यांनी ती कधी उघडून बघितलेली असते.