उकडीचा मोदक तैलरंगात रंगवताना

केळीच्या पानावर दोन मोदक ठेवा. एक फोडलेला असू द्या, म्हणजे सारणाचा तांबूस रंग मिळेल. उजेड एकाच खिडकीचा हवा, ट्यूबलाइट बंद. मोबाइलवरच्या फोटोवरून रंगवू नका. त्यात पांढऱ्यातले बारकावे आधीच उडालेले असतात. हात थांबला की मोदकांवर ओलं फडकं टाका, नाहीतर उकड तडकते.

रेखाटन पातळ बर्न्ट सिएनाने, म्हणजे तांबूस तपकिरी रंगाने. कळ्या मोजत बसू नका.

आता खरी कसोटी: पांढरा. ‘पांढऱ्यात थोडा काळा मिसळा, सावली तयार’ हा सल्ला ज्याने दिला त्याने मोदक रंगवलेला नाही. काळ्याने मोदकाचा सिमेंटचा गोळा होतो. अल्ट्रामरीन ब्लू (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना मिसळून करडा बनवा. हवा तसा तो निळ्याकडे किंवा तपकिरीकडे झुकवता येतो. मग कोऱ्या कागदाचा तुकडा मोदकाशेजारी धरा. मोदक कागदापेक्षा किती मळकट, पिवळट आहे ते तिथल्या तिथे कळतं. खिडकीकडची बाजू किंचित थंड (निळसर), सावली जरा ऊबदार (पिवळट-तपकिरी) आणि बुडाशी पानाचा हिरवा. तो हिरवा भीत भीत लावाल तर मोदक पानावर बसणार नाही, तरंगेल.

डोळे किलकिले करून आधी उजेड आणि सावली असे दोनच मोठे भाग भरा. उजेडातला सर्वांत गडद रंगही सावलीतल्या सर्वांत फिकट रंगापेक्षा उजळ राहिला पाहिजे. इथे ढिलाई केलीत की कळ्यांचा गोंधळ होतो आणि मग कितीही बारीक ब्रश आणा, निस्तरत नाही. कळ्या त्यानंतर, आणि प्रत्येकीची कड एकाच बाजूला धारदार.

अमेरिकन चित्रकार वेन थिबो (१९२०–२०२१) यांचं १९६३ सालचं ‘केक्स’ मोठं करून पाहा. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. पांढऱ्या क्रीमच्या सावल्या चक्क निळ्या आणि कडांना रंगीत रेघा! केकवरचं आयसिंग त्यांनी आयसिंगसारखंच जाड रंगाने थापलंय. त्या रंगीत कडा जरूर उचला, जाड थर नको. उकड गुळगुळीत असते.

पान दोन-चार फटकाऱ्यांत उरका. सारणात यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा.

तुपाची चकाकी सगळ्यात शेवटी. निव्वळ टायटॅनियम व्हाइट इथेच वापरायचा: एक ठिपका टेकवा आणि ब्रश उचला. घासलात तर तूप जाऊन पीठ दिसेल.

रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनशेजारी तासन्‌तास राहिलेले मोदक खाऊ नका. खायचे आधीच वेगळे काढून ठेवा.