मुलाखतीत चुकीचा माणूस का निवडला जातो? या चुका टाळा

अंधेरी एमआयडीसीतला गाळा असो की बीकेसीतलं चकचकीत ऑफिस, मुलाखतीचा साचा बहुतेक ठिकाणी एकच. ‘स्वतःबद्दल सांगा’, आधीची नोकरी का सोडली, राहता कुठे, पगाराची अपेक्षा किती. वीस मिनिटांत मत तयार होतं आणि ‘मला माणूस बरोबर कळतो’ असा शेराही बसतो.

संशोधन या आत्मविश्वासाच्या बाजूने नाही. २०२२ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवडीवरच्या कित्येक दशकांच्या अभ्यासांचे आकडे नव्याने तपासले. प्रश्न आधी ठरलेले, सगळ्यांना तेच, आणि गुण ठरलेल्या पट्टीवर, अशी मुलाखत घेतली तर तिचे गुण आणि पुढची कामगिरी यांचा सहसंबंध ०.४२ निघतो. गप्पांच्या ओघात घेतलेल्या मुलाखतीचा ०.१९. (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे तंतोतंत.) ०.४२ हाही काही फार मोठा आकडा नव्हे, पण निवडीच्या तपासलेल्या सगळ्या साधनांत तोच पहिला आला. तेव्हा मुलाखत टाकाऊ नाही, ती घेण्याची पद्धत सुधारायला हवी.

काम काय आहे हेच न लिहिणं

‘मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये मिसळणारा’ या यादीतून प्रश्न तयार होत नाहीत. जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ मध्ये मांडलेली पद्धत छोट्या कंपनीलाही परवडते. सध्या ते काम करणाऱ्याला आणि त्याच्या वरिष्ठाला अर्धा तास बसवा आणि विचारा: गेल्या सहा महिन्यांत हे काम कुठे अडलं, कोणी काय केलं म्हणून सुटलं, काय केलं म्हणून चिघळलं? असे आठ-दहा प्रसंग लिहून काढा. अकाउंट्स असिस्टंटसाठी ते साधारण असे असतात: पार्टीने बिल दिलं पण ते जीएसटीआर-२बीमध्ये (सप्लायरने दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी, थोडक्यात २बी) दिसत नाही, गोदामातून बिलाशिवाय डिलिव्हरी चलन आलं, सप्लायरचं खातं आपल्या खात्याशी जुळत नाही. त्यातून चार-पाच क्षमता निघतात. मुलाखत तेवढ्यांचीच.

ज्याचं उत्तर ‘हो’ असतं असा प्रश्न

‘दडपणाखाली काम करता येईल का?’ याला नाही कोण म्हणणार? चालणारे प्रश्न दोन जातींचे असतात. एक, प्रसंग समोर ठेवून ‘काय कराल’ असं विचारणारा; गॅरी लॅथम आणि सहकाऱ्यांनी तो १९८० मध्ये मांडला. दुसरा, ‘असं घडलं तेव्हा काय केलंत’ विचारणारा. टॉम जान्झ यांचा अभ्यास १९८२ चा. अनुभवी माणसाला दोन्ही विचारा. नुकतंच कॉलेज संपवलेल्याकडे सांगायला भूतकाळच नसतो, त्याला पहिल्याच जातीचे प्रश्न द्या.

प्रश्नापेक्षा जास्त काम उत्तराच्या पट्टीत आहे, आणि नेमकी तीच बहुतेक जण टाळतात. उदाहरण घ्या: ‘रिटर्न उद्या भरायचंय. एका मोठ्या बिलाचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) २बीमध्ये दिसत नाही. सप्लायर फोन उचलत नाही आणि साहेब म्हणतात, क्रेडिट घेऊन टाक. काय कराल?’

१ गुण: साहेब सांगतात तर घेतो, किंवा सप्लायरला फोन करत राहतो.
३ गुण: क्रेडिट आत्ता घेणार नाही म्हणतो, पण पुढे काय ते सांगत नाही.
५ गुण: या महिन्यात ते बिल बाजूला ठेवतो, का ते साहेबांना आकड्यासह सांगतो, सप्लायरला लेखी कळवतो आणि पुढच्या २बीमध्ये तपासायची नोंद करून ठेवतो.

ही उत्तरं मुलाखतीच्या आधी लिहायची, उमेदवार पाहिल्यावर नव्हे. २ आणि ४ मधल्यांसाठी मोकळे. असे सहा ते आठ प्रश्न पाऊण तासाला पुरतात. पुरवणी प्रश्नही ठरवून ठेवा: ‘यात तुम्ही स्वतः काय केलंत?’ आणि ‘मग काय झालं?’ पाठ केलेलं उत्तर बहुधा पहिल्या पुरवणीतच अडखळतं. ‘आम्ही केलं, आम्ही केलं’ म्हणणाऱ्याचा ‘मी’ तिथेच सापडतो.

चहा पिता पिता निकाल लावणं

मरे बॅरिक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं, की मुख्य प्रश्न सुरू होण्याआधीच्या ओळख-गप्पांतून जे मत बनतं, त्याचा पुढच्या गुणांशी चांगलाच संबंध असतो. गप्पा बंद करायची गरज नाही, घाबरलेला माणूस नीट बोलणार कसा. पण त्या गप्पा गुण देणाऱ्याने मारू नयेत. पाणी विचारणं, ट्रेनला गर्दी होती का विचारणं, हे रिसेप्शनवरच्या व्यक्तीला करू द्या.

गप्पांमधली सर्वांत घातक चौकशी ‘राहता कुठे’ आणि ‘घरी कोण कोण असतं’ ही. विरार किंवा बदलापूर ऐकलं की ‘रोज उशीर करणार’ असं मनात लिहिलं जातं. वस्तीचं नाव ऐकून जात, धर्म आणि आर्थिक स्थितीचाही अंदाज बांधला जातो. मुलींना लग्नाचं विचारलं जातं, मुलांना नाही. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी नोकरभरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून लिहिलेला अभ्यास २००७ मध्ये मुंबईहूनच निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. गुणवत्तेवर भरवसा असल्याचं सांगणारे हेच अधिकारी उमेदवाराच्या ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ला महत्त्व देत होते. त्याच साप्ताहिकात त्याच वर्षी सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी दाखवलं, की सारख्याच पात्रतेच्या अर्जांवर दलित किंवा मुस्लिम वाटेल असं नाव असलं, तर बोलावणं येण्याची शक्यता कमी होते.

उपाय सोपा आहे. अर्जांच्या छापील प्रतींवरचं नाव, पत्ता, फोटो झाकून क्रमांक टाका आणि मगच छाननीला द्या. येण्याजाण्याची काळजी असेल तर सगळ्यांना एकच वाक्य: ‘वेळ साडेनऊ ते सहा, महिनाअखेरीस दोन-तीन दिवस आठपर्यंत. जमेल का?’ मुलाखत रविवारी ठेवत असाल तर मेगाब्लॉक कोणत्या मार्गावर आहे ते आधी पाहा, नाहीतर वक्तशीरपणाचे गुण रेल्वेला मिळतील.

इंग्रजीचंही तसंच. ज्या कामात इंग्रजीत ईमेलपलीकडे काही नाही, तिथे प्रश्न मराठीत किंवा हिंदीत विचारा आणि ईमेल वेगळा लिहून घ्या. फाडफाड इंग्रजी बोलणारा हिशेबातही पक्का असेल असं गृहीत धरणं, हा एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच नोंदवलेला दोष आहे: एका गुणाची झळाळी बाकी सगळ्यांवर पडते.

गुण शेवटी, एकत्र बसून देणं

प्रत्येक उत्तरानंतर लगेच गुण लिहा. पॅनेलवर दोघे असतील तर एकमेकांचा कागद पाहायचा नाही आणि गुण लिहून होईपर्यंत चर्चा नाही. मालकांनी सर्वांत शेवटी बोलावं; ते आधी बोलले की बाकीच्यांचे आकडे आपोआप सरकतात. एकाच प्रश्नावर दोन किंवा जास्त गुणांचा फरक पडला, तर टिपणं वाचून त्या प्रश्नापुरतं बोला. दोन कच्च्या उमेदवारांनंतर आलेला बेताचा माणूस हुशार वाटतो, म्हणून मध्ये दहा मिनिटं सोडा.

मग बेरीज करा आणि बेरजेचं ऐका. नेथन कुन्सेल आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या विश्लेषणात, तीच माहिती तज्ज्ञाने मनातल्या मनात तोलण्याऐवजी ठरलेल्या सूत्राने एकत्र केली, तेव्हा कामगिरीचा अंदाज ५० टक्क्यांहून अधिक सुधारला. अंतर्मनाला अगदीच जागा नाही असं नाही. डॅनियल कानेमान यांनी तरुणपणी इस्रायली सैन्यासाठी बसवलेल्या मुलाखतीत स्वभावाच्या सहा पैलूंवर वेगवेगळे आकडे दिल्यानंतर डोळे मिटून एक एकूण गुण द्यायचा होता, आणि तोही उपयोगी ठरला. पण आधी नाही, शेवटी.

मुलाखतीवरच थांबणं

कामाचा नमुना करून घ्या. वीस बिलांच्या प्रती आणि २बीची छापील यादी द्या, चाळीस मिनिटं द्या, चार चुका पेरा: जीएसटी क्रमांकातला एक आकडा चुकीचा, तेच बिल दोनदा, एकदा वर्षासकट आणि एकदा नुसत्या क्रमांकाने, एक बिल यादीत नाहीच, आणि माल मुंबईत पोचवणाऱ्या, २४ ने सुरू होणाऱ्या गुजरातच्या क्रमांकाच्या सप्लायरने आयजीएसटीऐवजी (दोन राज्यांमधल्या विक्रीचा कर) सीजीएसटी-एसजीएसटी (एकाच राज्यातल्या विक्रीचा) लावलेला. सापडलेल्या प्रत्येक चुकीला गुण, उगाच काढलेल्या चुकीला वजा. खरं प्रलंबित काम ‘टेस्ट’ म्हणून फुकट करून घेऊ नका.

केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद केल्या. डेटा एंट्री किंवा पॅकिंगसाठी खासगी कंपन्यांनीही हा विचार करावा. अर्ध्या तासाची चाचणी तिथे जास्त सांगते. हस्ताक्षरावरून स्वभाव पाहणाऱ्यांना पैसे देऊ नका. १९९८ च्या श्मिट आणि हंटर यांच्या आढाव्यात त्याचा कामगिरीशी सहसंबंध ०.०२ होता. ‘किमान पाच वर्षं अनुभव’ ही अटही वाटते तेवढी कामाची नाही.

तरीही बिघडलं तर

सगळ्यांना ३ आणि ४ मिळतायत? पट्टीतलं ५ चं उत्तर मोघम आहे, त्यात कृती लिहा. दहाव्या उमेदवारापर्यंत सगळेच ५ वर? प्रश्न बाहेर फुटलाय. एका कन्सल्टन्सीकडून आलेले उमेदवार एकमेकांना सांगतातच. प्रत्येक क्षमतेचे तीन पर्यायी प्रसंग तयार ठेवा.

माणूस उत्तम निघाला पण दोन महिन्यांत सोडून गेला, तर दोष बहुधा निवडीत नसतो. महिनाअखेरीची वेळ, शनिवारची सुट्टी, हातात पडणारा पगार यांतलं काहीतरी झाकलं गेलेलं असतं. चाचणीच्या दिवशीच त्याला त्या जागेवर तासभर बसवा.

गुणपत्रकं जपून ठेवा. सहा महिन्यांनी वरिष्ठाकडून, जुने गुण न दाखवता, त्याच चार-पाच क्षमतांवर आकडे घ्या आणि शेजारी मांडा. वर्षाला पाच माणसं घेणाऱ्या ऑफिसात यातून सहसंबंध काढता येणार नाही. पण ज्या प्रश्नावर चांगले आणि सुमार दोघेही सारखेच गुण घेऊन गेले, तो लगेच दिसतो. तो काढून नवा प्रसंग घाला.